मे महिन्यातील आकाशाचा भाव

पूर्वेकडून सांताक्रूझच्या विमानतळावर उतरावयास येणारी विमाने घाटकोपर आणि कुर्ला येथील चाळींच्या, सोसायट्यांच्या आणि झोपड्यांच्या छपरांवरून इतकी खालून जातात की, त्यांच्या पोटावरील अक्षरे गच्चीत पापड वाळत घालणाऱ्या बाईस चष्म्यावाचून वाचता यावीत. आणि ह्याच सान्निध्यापायी विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला व घाटकोपर ह्या भागांतील कित्येक जुन्या इमारतींचा पुनर्विकास, उंचीचा ना-हरकत दाखला मिळत नाही ह्या सबबीवर, वर्षानुवर्षे अडून राहिला आहे. ‘फनेल झोन’ (विमानांच्या वाटेखालील, इमारतींच्या उंचीवर मर्यादा असलेला पट्टा) हा शब्द तेथील सोसायट्यांच्या वार्षिक सभांत पाणीपट्टीइतकाच परिचित झाला आहे. ज्यांच्या माथ्यावरून दररोज नऊशेच्या वर विमानांची ये-जा होते आणि जे त्यापायी आपल्या हक्काचे दोन-चार मजले सोडून बसले आहेत, त्यांनाच मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांपैकी एखाद्या विमानात चार जागा परवडतील अशा भावाने मिळवावयाच्या झाल्यास किती यातायात करावी लागते, हे पाहण्यासारखे आहे.

उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंबात उन्हाळी प्रवासाचा संकल्प बहुधा संक्रांतीच्या सुमारास सुटतो. काश्मीर, कुलू-मनाली, दार्जिलिंग-गंगटोक ही जुनी दैवते. अलीकडे त्यांत व्हिएतनाम आणि बाली ह्यांची भर पडली आहे. स्थळ ठरते, हॉटेलांची चौकशी होते, आणि मग फेब्रुवारीपासून रोज रात्री जेवणानंतर तिकिटांचे संशोधन सुरू होते. ह्या संशोधनाभोवती समजुतींचे एक लहानसे शास्त्रच निर्माण झाले आहे: मंगळवारी भाव उतरतात, मध्यरात्रीनंतर उतरतात, एकाच फोनवर पुनःपुन्हा पाहिले की कंपनीस आपली गरज कळते व ती भाव चढवते, सबब शेवटचे बुकिंग मुलीच्या फोनवरून करावे. ह्या समजुतींचे मूळ मला तरी मनुष्याच्या अभिमानात दिसते. कारण ज्या दोन तासांत आपण घरी विचारविनिमय करीत होतो, त्या दोन तासांत त्या भावाच्या उरलेल्या जागा दुसऱ्या कोणी तरी घेतल्या, हे साधे स्पष्टीकरण स्वीकारण्यापेक्षा आपल्यावर कोणाचा डोळा होता असे मानणे अधिक सुखाचे असते.

हा सगळा खटाटोप पाहिल्यावर, तिकीट-विक्रेत्यांशी बोलल्यावर आणि ह्या धंद्याचा थोडासा इतिहास चाळल्यावर माझे मत असे बनले आहे की, स्वस्त तिकीट हे चातुर्याने सापडत नाही. ज्याची तारीख त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे त्याला ते मिळते, आणि ज्याची तारीख शाळेच्या वेळापत्रकाने, रजेच्या अर्जाने आणि लग्नाच्या मुहूर्ताने बांधलेली आहे त्याने कितीही फोन बदलले तरी त्यास हंगामाचाच भाव द्यावा लागतो.

भाडे असे दिवसागणिक बदलते असणे ही मुळात फार जुनी गोष्ट नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले तेव्हा त्यांच्या इवल्याशा विमानात टपालाच्या थैल्या होत्या. उतारूच्या भाड्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढे १९५३ साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि भाडे सरकारच्या संमतीने ठरू लागले. ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, परंतु निश्चित होते. १९९४ साली राष्ट्रीयीकरणाचा तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली, आणि भाडे ठरवण्याचा अधिकार सरकारी दप्तरातून कंपन्यांच्या हाती गेला. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ ह्यांनी एअर डेक्कन सुरू केली तेव्हा तिचे बोधचिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण ह्यांचा ‘कॉमन मॅन’ घेतला होता. दशकानुदशके वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मुकाट्याने उभा असलेला तो धोतर-चौकड्याच्या कोटातील गृहस्थ एक रुपयाच्या तिकिटाच्या जाहिरातीसह विमानात चढला, ही घटना आमच्या मध्यमवर्गाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. ती कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर २०१२ साली बंद पडली. परंतु स्वस्त विमानाची जी चटक त्या काळात लागली, ती काही गेली नाही.

आता मे महिन्याकडे वळू. हापूसचा भाव पाडव्याला चढा असतो व हंगाम भरात आला की उतरतो, कारण माल वाढतो. विमानाच्या जागेचे नेमके उलट आहे, हंगाम भरात येतो तेव्हा गिऱ्हाईक वाढते आणि माल जागचा हलत नाही. तो का हलत नाही, ह्याचे कारण अंधेरी आणि कुर्ल्याच्या मधल्या जमिनीवर आखलेले आहे. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळास धावपट्ट्या दोन आहेत, परंतु त्या एकमेकींस छेदतात. सबब एकाच वेळी दोन्हींवरून उड्डाणे करता येत नाहीत आणि व्यवहारतः एका धावपट्टीवरच सारा भार चालतो. जगातील अत्यंत गजबजलेल्या एकपट्टी विमानतळांत त्याची गणना होते, ह्याचा काहींना अभिमान वाटतो. मला त्यात अभिमानापेक्षा कोंडमारा अधिक दिसतो. गर्दीच्या घटकांत तासाला ४६ विमानांची ये-जा होत असे. विमाने आकाशात घिरट्या घालीत इंधन जाळतात असे आढळल्यावरून २०२४ च्या आरंभी केंद्र सरकारने ती संख्या ४४ वर आणली. म्हणजे मागणी वाढली म्हणून एखाद्या कंपनीने मुंबई-श्रीनगर मार्गावर मे महिन्यापुरते आणखी एक विमान घालावे म्हटले, तरी त्यास उडावयास घटका मिळत नाही. त्यात पावसाळ्यापूर्वीची डागडुजी मे महिन्यातच उरकावी लागते; २०२४ साली ९ मे रोजी आणि २०२५ साली ८ मे रोजी सकाळी ११ ते सायंकाळी ५ दोन्ही धावपट्ट्या बंद होत्या. पावसाळा कोणासाठी थांबत नाही, तेव्हा ह्याला दोष देता येत नाही. परंतु तिकीट काढताना ह्या दिवसाची सूचना पाहून ठेवावी.

मागणीच्या बाजूस शाळा आहेत. केंद्रीय मंडळाच्या शाळा एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू करून मे महिन्यात सुट्टी देतात, राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत चालते. ह्या दोहोंचा छेद म्हणजे मे महिन्याचे जेमतेम चार आठवडे. त्या चार आठवड्यांत बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली अशी सगळी वस्ती एकदम बाहेर पडू पाहते. त्यांतही शुक्रवारी रात्री अगर शनिवारी पहाटे निघून रविवारी परतावयाचे, म्हणजे रजा वाचते. रजा वाचते खरी, परंतु वाचलेल्या रजेची किंमत तिकिटाच्या भावात वळती होते.

इंधनाचाही भाग आहे. विमानाचे इंधन अद्याप वस्तू व सेवा कराच्या बाहेर असून त्यावर राज्ये आपापला कर आकारतात. मुंबई, पुणे व रायगड येथे तो २५ टक्के होता, तो २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ टक्के झाला. तिकिटात त्याचे प्रतिबिंब किती पडले हे उतारूस ओळखता येईल असे काही घडले नाही.

स्पर्धेची कथा अधिक उद्बोधक आहे, आणि ती उपनगराच्या अगदी जवळची आहे. जेट एअरवेजचे मुख्य कार्यालय अंधेरीतच होते. तिचे कित्येक नोकरदार पार्ल्यापासून वसईपर्यंत राहत. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे शेवटचे विमान उडाले. उन्हाळी हंगामाच्या ऐन तोंडावर एवढ्या मोठ्या कंपनीच्या जागा बाजारातून नाहीशा झाल्या आणि उरलेल्यांचे भाव कडाडले. चार वर्षांनी त्याच सुमारास, ३ मे २०२३ रोजी, गो फर्स्टची उड्डाणे थांबली. ह्या दोन्ही प्रसंगांनी ‘लवकर काढा म्हणजे स्वस्त पडेल’ ह्या उपदेशाची दुसरी बाजू दाखवून दिली. ज्यांनी जानेवारीतच दूरदृष्टीने तिकिटे काढली होती, त्यांना नवी तिकिटे चढ्या भावाने घ्यावी लागलीच, शिवाय जुन्या पैशांसाठी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत धनको म्हणून अर्ज करून इतर धनकोंच्या मागे रांगेत उभे राहावे लागले. जेटच्या अवसायनाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तर गो फर्स्टचा न्यायाधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये. दरम्यान विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, आणि आता देशांतर्गत उतारूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोने प्रवास करतात. अकासा ही २०२२ साली मुंबईतूनच सुरू झालेली कंपनी अद्याप लहान आहे. दुकाने थोडी असली की घासाघीस थोडी, हे दादरच्या मंडईत भाजी घेणाऱ्यास सांगावयास नको.

आता विमानाच्या आतील व्यवस्था पाहू. साधारण १८० जागांच्या विमानातील सर्व जागा दिसावयास सारख्या असल्या तरी विक्रीसाठी त्यांची दहा-बारा किंवा अधिक पायऱ्यांत वाटणी केलेली असते. सर्वांत खालच्या पायरीवर थोड्या जागा, त्या संपल्या की पुढची पायरी, आणि मागणीचा रोख पाहून संगणक ह्या पायऱ्या वेळोवेळी उघडतो वा मिटतो. ह्या रचनेचा एक परिणाम कुटुंबवत्सल मराठी माणसास विशेष भोवतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. खालच्या पायरीवर दोनच जागा शिल्लक असताना आपण चार जागा मागितल्या, तर संगणक दोन स्वस्त व दोन महाग असा हिशेब बहुधा करीत नाही. जेथे चारही जागा एकत्र मिळतील त्या वरच्या पायरीचा भाव तो चौघांसही लावतो. म्हणून आधी एका जागेचा भाव पाहावा, मग चौघांचा. फरक दिसल्यास दोन-दोनची दोन तिकिटे काढावीत. आजी-आजोबांसह आठ जण निघाले असतील तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो. मात्र दोन तिकिटे म्हणजे दोन स्वतंत्र करार: उड्डाणाची वेळ बदलली तर एका तिकिटाच्या मंडळींना एक विमान व दुसऱ्यांना दुसरे मिळण्याचा संभव राहतो, सबब लहान मूल आणि त्याची आई ह्यांना निरनिराळ्या तिकिटांवर कदापि घालू नये.

बोरिवलीच्या चंदावरकर मार्गावर, मुलुंडच्या महात्मा गांधी मार्गावर, घाटकोपरच्या टिळक मार्गावर अद्यापि तिकीट-विक्रेत्यांची लहान दुकाने टिकून आहेत. विमानकंपन्यांनी २००८ च्या सुमारास त्यांची दस्तुरी बंद केली तेव्हा ही मंडळी आता उठणार असे वाटले होते. ती उठली नाहीत, उतारूकडून आपला आकार घेऊ लागली. त्यांच्यापाशी एक माल असा असतो जो आपल्या फोनवर दिसत नाही. सहली काढणाऱ्या संस्था आणि मोठे एजंट हंगामाच्या कित्येक महिने आधी विमानकंपन्यांना इसार देऊन जागांचे ‘ब्लॉक’ घेऊन ठेवतात. ह्यास धंद्यात ‘सिरीज’ असेही म्हणतात. केसरी १९८४ पासून आणि वीणा वर्ल्ड २०१३ पासून सहलींच्या धंद्यात आहेत, आणि अशा संस्थांच्या ठरीव भावात विमानाचे भाडे अंतर्भूत असण्याचे रहस्य ह्या इसारातच आहे. ठरलेल्या मुदतीत उतारूंची नावे दिली नाहीत तर जागा परत जातात आणि इसार बुडतो, म्हणून मुदत जवळ आली की उरलेल्या जागा एजंटांत कमी भावाने फिरू लागतात. प्रस्थानापूर्वीच्या काही आठवड्यांत अशा जागेची चौकशी ओळखीच्या विक्रेत्याकडे अवश्य करावी. अट एकच: नाव बदलत नाही, तारीख बदलत नाही, परतावा जवळजवळ नसतो.

ज्यास तारीख हलवता येत नाही त्याने निदान ठिकाण हलवावे. श्रीनगरचे भाडे आकाशाला भिडलेले असताना जम्मूचे बरेचदा जमिनीवर असते. आणि जून २०२५ मध्ये चिनाबच्या पुलावरून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्यापासून जम्मूस उतरून खोऱ्यात शिरण्याचा मार्ग सुखाचा झाला आहे. बोरिवलीकरांस तर वांद्रे टर्मिनसहून कटऱ्यास जाणारी स्वराज एक्सप्रेस घरच्या स्थानकावरच मिळते. जाताना गाडी आणि येताना विमान अशी विभागणी केली तर निम्मा खर्च आटोक्यात राहतो. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. सावंतवाडी-बांद्याकडील मंडळींनी दाभोळी आणि मोपा ह्या गोव्यातील दोन्ही विमानतळांचे भाव स्वतंत्रपणे पाहावेत. मोपाची उड्डाणे जानेवारी २०२३ पासून सुरू आहेत, आणि मालवणच्या उशाशी असलेल्या चिपीच्या विमानतळाने २०२१ पासून जी आशा दाखवली तिच्यापेक्षा मोपाचा भरवसा अधिक.

नवी मुंबई विमानतळाविषयी उपनगरांत मोठी अपेक्षा आहे, आणि ती अगदी निराधार नाही. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. सांताक्रूझच्या कोंडलेल्या धावपट्टीस जो दुसरा पर्याय हवा होता तो हाच. मुलुंडकरास ऐरोलीच्या पुलावरून तो सोयीचा पडतो. घाटकोपरकराची गोष्ट निराळी, कारण मेट्रोने मरोळ नाक्यास जाऊन तेथून दुसऱ्या मेट्रोने त्यास थेट सहारच्या टर्मिनलला पोहोचता येते. परंतु तिकिटाच्या तळटीपेकडे लक्ष द्यावे. मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत उतारूस मे २०२५ पासूनच्या दराने १७५ रुपये विकास शुल्क पडते आणि उतरणाऱ्यास ७५. नवी मुंबईचे प्रारंभीचे दर अनुक्रमे ६२० व २७० असे ठरले. चौघांच्या कुटुंबास जाता-येता अडीच हजारांचा हा फरक आहे. तितकी बचत मूळ भाड्यात होत नसेल, तर टॅक्सीचे भाडे जमेस धरून सांताक्रूझच बरे.

भाड्यास मर्यादा असावी की नसावी, हा वाद दर उन्हाळ्यात उपस्थित होतो व पहिल्या पावसाबरोबर वाहून जातो. १९३७ च्या विमान नियमांतील १३५ वा नियम कंपनीने खर्च, सेवेचे स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर लक्षात घेऊन भाडे ठरवावे असे सांगतो. वाजवी म्हणजे किती, हे तो सांगत नाही. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयात २०१० पासून भाड्यांवर नजर ठेवणारा विभाग आहे. मनात आणले तर सरकारास भाडे बांधता येते, ह्याचे दाखलेही आहेत: टाळेबंदीनंतर २५ मे २०२० रोजी उड्डाणे सुरू झाली तेव्हा प्रवासाच्या वेळेनुसार सात वर्ग पाडून मुंबई-दिल्लीचे भाडे ३,५०० ते १०,००० रुपयांत बांधले होते, व तो अंमल ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत चालला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे धडाधड रद्द झाली तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० पासून १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपयांपर्यंत कमाल दर लावले गेले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली, त्यांत महाराष्ट्राचे सहा होते व त्या सहांपैकी तिघे डोंबिवलीचे. भेदरलेले पर्यटक परतू पाहत असता श्रीनगरहून निघणाऱ्या विमानांचे भाव चढू नयेत म्हणून विमानवाहतूक मंत्रालयास कंपन्यांना ताकीद द्यावी लागली. गर्दी हौसेची आहे की भयाची आहे, हे पायऱ्या उघडणाऱ्या संगणकास कळत नाही. ते कळण्यासाठी माणूस नेमावा लागतो, आणि तो संकटानंतर नेमला जातो ही माझी तक्रार आहे. सरसकट कमाल दर बारा महिने लावावेत असे मात्र मला वाटत नाही. तसे केल्यास पावसाळ्यातील दोन-अडीच हजारांची तिकिटेही जातील, आणि ज्याची तारीख मोकळी आहे अशा गरीब उतारूचा त्यात तोटा आहे.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांविषयी दोन शब्द. दुबईचे भाडे सुट्टीत चढते, कारण उभयपक्षी कराराने दोन्हीकडच्या कंपन्यांस प्रत्येकी आठवड्याला सुमारे ६६ हजार जागांचीच मुभा आहे आणि ती पुरती वापरली गेली आहे. अमेरिकेची गोष्ट वेगळी. सबंध घरात ज्यांची तारीख खरोखर मोकळी आहे असे निवृत्त आजी-आजोबाच असतात. पण नातवंडांच्या सुट्टीशी मेळ घालण्याच्या आग्रहापायी त्यांनाच जूनच्या सर्वांत महागड्या आठवड्यात न्यू जर्सीस रवाना केले जाते. त्यांना फेब्रुवारीअखेर अगर सप्टेंबरात पाठवावे. थंडीची भीती असेल तर स्वेटर तिकिटातील फरकापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात.

शिक्षण खात्याने व केंद्रीय मंडळाच्या शाळांनी पुढील उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तारखा दिवाळीपूर्वी जाहीर कराव्यात, आणि महासंचालनालयाने ज्या मार्गांवर नजर ठेवली जाते त्यांचे मे महिन्यातील भाव दरसाल जनतेसमोर मांडावेत, अशी ह्या दोन्ही दप्तरांस विनंती आहे. वाचकांस एवढेच सांगणे की, देशांतर्गत तिकीट सात दिवसांहून अधिक आधी काढले असेल तर निदान चोवीस तासांच्या आत रद्दीच्या दंडावाचून ते परत करण्याची वा बदलण्याची मुभा नियमांनी दिलेली आहे. आणि परतावा नसलेले तिकीट वाया गेले तरी त्यातील सरकारी कर व विमानतळाची शुल्के परत मिळण्याचा हक्क राहतो. तिकीट एजंटामार्फत काढलेले असले तरी ती रक्कम परत करण्याची जबाबदारी विमानकंपनीचीच आहे.